तीन सह्यांचा अर्ज

तारीख ११ ऑक्टोबर २००२, वार शुक्रवार. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, शिकागोपासून तीनेक तासांच्या वाटेवर, गेल्सबर्ग नावाचं गाव आहे. वस्ती ३३-३४ हजारांची. गावाला चिकटून रेल्वेचं मोठं यार्ड आणि भोवती नजर पोचेल तिथवर मक्याची शेतं. तुम्ही इथल्या मेटॅगच्या फ्रिज कारखान्यात लाइनवर उभे आहात. तुमचं वय ४४. विसाव्या वर्षी, १९७८ साली इथे लागलात तेव्हा फ्रिजवर ॲडमिरलचं नाव असायचं. मग कारखाना मॅजिक शेफकडे गेला आणि १९८६ मध्ये मेटॅगकडे आला. वरचे मालक बदलत गेले, खाली लाइन तीच राहिली.

तुम्हाला मी नाव देत नाही. इथे सुमारे १,६०० माणसं काम करतात आणि पुढे जे होणार आहे ते थोड्याफार फरकाने त्या सगळ्यांचं होणार आहे.

तुमचं काम दाराचं. फ्रिजच्या दाराला आतून जी मऊ पट्टी असते, जिच्या पोटात चुंबक असतं, ती खाचेत बसवायची. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून अंगठ्याने दाबत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जायचं. वळणावर सुरकुती पडू द्यायची नाही, कारण सुरकुती राहिली की गारवा बाहेर जातो आणि दार नीट लागत नाही. तुमच्या मागे बाहेरचा पत्रा आणि आतलं प्लास्टिकचं कवच यांच्यामधल्या पोकळीत फेस भरतात. त्याचा वास कपड्यांना लागतो, तो धुऊनही जात नाही. रात्री उजवा अंगठा बधिर होतो, मग हात उशीखाली दाबून झोपायचं. पगार तासाला सुमारे १५ डॉलर. त्यात घराचा हप्ता, गाडीचा हप्ता आणि मुलीचं शिक्षण निभतं. आरोग्य विमा कंपनीचा.

आणि मग बातमी येते. हा कारखाना आता स्पर्धेत टिकत नाही, असं कंपनीचं म्हणणं. २००४ च्या अखेरीपर्यंत तो बंद होणार. काम मेक्सिकोत जाणार, रेनोसा शहरात. टेक्ससच्या सीमेवर रिओ ग्रांदे नदीचा पूल ओलांडला की रेनोसा लागतं. तिथल्या कामगाराची दिवसभराची मजुरी तुमच्या एका तासाच्या पगाराच्या आसपास. मेटॅगने इथेच राहावं म्हणून गावाने आणि राज्याने कंपनीला सवलती दिल्या होत्या. म्हणजे कर भरणारे नागरिक म्हणून तुम्हीही त्या दिल्या होत्या.

कोणी ओरडत नाही. शेजारचा हातमोजे काढतो, त्यांच्याकडे बघतो, परत घालतो. लाइन चालू आहे आणि समोर दार आलं आहे. तुम्ही पट्टी उचलता.

तुमच्यासाठी सरकारकडे एक योजना आहे. तिचं नाव ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स, सगळे टीएए म्हणतात. ती कशी आली हे बघायला मागे जावं लागेल, आणि योगायोग असा की तारीख बदलावी लागत नाही.

११ ऑक्टोबर १९६२. बरोबर ४० वर्षांपूर्वी. तुम्ही व्हाइट हाउसमध्ये मागच्या भिंतीला टेकून उभे आहात, तुम्हाला कोणी पाहत नाही. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी एका कायद्यावर सही करत आहेत. क्युबातल्या क्षेपणास्त्रांचे फोटो त्यांच्यासमोर यायला अजून पाच दिवस आहेत. आज त्यांच्यासमोर आहे तो व्यापार विस्तार कायदा. युरोपच्या नव्या सामायिक बाजारपेठेशी बोलणी करून आयात कर मोठ्या प्रमाणात उतरवण्याचे अधिकार या कायद्याने अध्यक्षांना मिळतात. त्याचबरोबर एक कबुलीही त्यात लिहिली आहे. कर उतरले की देशाचा फायदा होईल, ग्राहकाला माल स्वस्त मिळेल, निर्यात करणाऱ्याला बाजार मिळेल. पण काहींचं काम जाईल. देशाच्या निर्णयामुळे ज्याचं काम गेलं त्याचा भार देशाने उचलायचा.

ही कल्पना केनेडींची एकट्याची नव्हती. पोलाद कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडोनाल्ड यांनी ती १९५४ मध्ये, व्यापार धोरणासाठी नेमलेल्या रँडल आयोगात मांडली होती. त्याच वर्षी सिनेटर केनेडींनी तसं विधेयकही आणलं होतं. मॅकडोनाल्ड यांच्या युनियनने खुल्या व्यापाराला विरोध केला नव्हता. व्यापार खुला करा, पण त्याची किंमत एका गावाच्या माथी मारू नका, इतकंच मागणं होतं. मला हे मागणं आजही बिनतोड वाटतं. ही भीक नव्हती. नफ्यात सगळे असतील तर तोट्यातही सगळ्यांनी असावं, असा हा हिशेब होता.

१९६२ च्या कायद्यात आकडेही चांगले होते. सरासरी पगाराच्या ६५ टक्के, ५२ आठवडे. प्रशिक्षण चालू असेल तर आणखी २६ आठवडे. पण अट बघा. करसवलत हेच आयात वाढण्याचं मुख्य कारण होतं हे आधी दाखवायचं, आणि ती आयात हेच काम जाण्याचं मुख्य कारण होतं हे नंतर दाखवायचं. कुठल्याही कारखान्याला टाळं लागतं तेव्हा कारणं पाच-सहा असतात. त्यातलं एकच मुख्य आहे हे सिद्ध कोण आणि कसं करणार?

म्हणून पुढची सात वर्षं तुम्हाला रिकामीच दिसतात. अर्ज येतात आणि नाकारले जातात. नोव्हेंबर १९६९ पर्यंत एकाही कामगाराला या योजनेचा एक डॉलर मिळत नाही. कामगार चळवळीत या मदतीला अंत्यविधीचा विमा म्हणू लागले, ते उगीच नाही.

तिथून पुढची वर्षं भरभर ओलांडू. १९७४ च्या कायद्याने अट सैल केली: आयातीचा हातभार महत्त्वाचा असला तरी पुरे. १९८० मध्ये जपानी गाड्यांच्या लाटेत डेट्रॉइटचे मोटार कामगार लाखोंनी आले आणि खर्च दीड अब्ज डॉलरच्या पुढे गेला. १९८१ मध्ये रेगन सरकारने कात्री लावली. आधी नेहमीचा बेकारी भत्ता संपवायचा, मगच हा भत्ता, आणि तोही तेवढ्याच रकमेचा. १९८८ मध्ये भत्त्यासाठी प्रशिक्षण सक्तीचं झालं. १९९४ मध्ये मेक्सिको आणि कॅनडाशी खुल्या व्यापाराचा नाफ्टा करार लागू झाला. त्याच्याबरोबर मेक्सिको किंवा कॅनडात काम गेलेल्यांसाठी वेगळी तरतूद आली, आणि ऑगस्ट २००२ मध्ये ती मूळ योजनेत मिसळली. तुमच्या कारखान्याची बातमी यायच्या दोन महिने आधी.

आता परत गेल्सबर्गमध्ये या. युनियनच्या हॉलमध्ये लांब टेबलं मांडली आहेत, कॉफी कागदी कपात निवते आहे. तुमच्या हातात अर्जाचा कोरा नमुना आहे. तो कंपनी भरू शकते, युनियन भरू शकते, राज्य सरकार भरू शकतं. आणि यातलं कोणीच पुढे आलं नाही तर कारखान्यातल्या कोणत्याही तीन कामगारांनी सह्या करून भरला तरी चालतो. या योजनेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. वकील नको, फी नको, ओळख नको. तीन साध्या माणसांनी सही केली की वॉशिंग्टनमधल्या कामगार खात्याला चौकशी करावी लागते आणि २००२ च्या कायद्याप्रमाणे ४० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. निर्णय बाजूने लागला तर तो फक्त तिघांचा राहत नाही, त्या कारखान्यातल्या सगळ्यांना लागू होतो.

नमुन्यातले प्रश्न साधे आहेत. कारखाना कुठे? काय बनत होतं? काम परदेशी व्यापारामुळे गेलं असं तुम्हाला का वाटतं? शेवटच्या प्रश्नाला तुम्ही लिहिता: फ्रिज, मेक्सिको, रेनोसा. तुमचं प्रकरण सोपं आहे. कंपनीने स्वतःच जाहीर केलं आहे आणि मेक्सिकोशी खुल्या व्यापाराचा करार आहे. मंजुरी मिळते.

पण 'काय बनत होतं' या प्रश्नाशी एक क्षण थांबा. याच वर्षांत अमेरिकेतल्या कितीतरी प्रोग्रामर मंडळींनीही हा अर्ज केला. त्यांना नकार गेला, कारण कायदा वस्तू बनवणाऱ्यांसाठी होता आणि सॉफ्टवेअर ही वस्तू मानली जात नव्हती. त्यांचं काम मेक्सिकोत गेलं नव्हतं. ते बंगळूरला, हैदराबादला, पुण्याला आलं होतं. हे वाचणाऱ्या एखाद्या घरात हिंजवडीचा पहिला पगार त्याच सुमारास आला असेल. त्यात ओशाळं वाटून घेण्याचं कारण नाही. रेनोसाच्या लाइनवर उभ्या राहिलेल्या मुलीनेही तुमची नोकरी हिसकावली नव्हती. तिला कोणी तरी तासाचा भाव सांगितला आणि ती कामावर गेली. पण ज्याचं काम आपल्याकडे आलं त्या माणसाला २००९ पर्यंत ही दारं बहुतांशी बंद होती, हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

२००३ पासून माणसं टप्प्याटप्प्याने कमी होऊ लागतात. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर जागा रिकाम्या दिसतात. २७ जुलै २००४ च्या रात्री टीव्हीवर बॉस्टनमधलं डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन चालू आहे. इलिनॉयमधून सिनेटला उभा असलेला एक तरुण उमेदवार बोलतो आहे, नाव बराक ओबामा. तो गेल्सबर्गचं नाव घेतो, मेटॅगचं नाव घेतो. मेक्सिकोला चाललेल्या कारखान्यातल्या कामगारांना आता तासाला सात डॉलरच्या कामासाठी आपल्याच मुलांशी स्पर्धा करावी लागते आहे, असं सांगतो. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला तुमची १९ वर्षांची मुलगी बसली आहे. ती दुकानात गल्ल्यावर काम करते. ती तुमच्याकडे बघत नाही, तुम्हीही तिच्याकडे बघत नाही.

१६ सप्टेंबर २००४ ला शेवटचा फ्रिज लाइनवरून उतरतो. तुमची २६ वर्षं त्या दिवशी संपतात.

दुसऱ्या दिवसापासून आठवडे मोजायला लागता.

कायदा सांगतो की मंजुरीपासून आठ आठवडे किंवा काम सुटल्यापासून १६ आठवडे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तिच्या आत मान्य अभ्यासक्रमात नाव घातलं पाहिजे किंवा प्रशिक्षणातून सवलतीचा लेखी कागद मिळवला पाहिजे. नाही तर प्रशिक्षणाबरोबरचा भत्ता हातचा गेला. तुमची मुदत जानेवारी २००५ च्या पहिल्या आठवड्यात संपते. हा काळ कसा असतो ते बघा. सकाळी पाचला जाग येते आणि जायला जागा नसते. वडिलांनीही याच गावात राबून घर चालवलेलं. मनाला मार लागलेला असतो, आणि नेमक्या या १६ आठवड्यांत पुढच्या २० वर्षांचा निर्णय घ्यायचा असतो. तुमच्या ओळखीचे दोघं मुदत चुकवतात. एकाने मुलाच्या लग्नात महिना घालवला, दुसऱ्याने पाकीट उघडलंच नाही. आळशी म्हणून नव्हे. त्या पाकिटात पुन्हा काही वाईट असेल या भीतीने.

राज्याच्या कार्यालयातल्या बाई चांगल्या आहेत. त्यांच्यासमोर फायलींची उतरंड आहे, तरी त्या तुम्हाला दोनदा समजावून सांगतात.

"फी, पुस्तकं सरकार देईल. पण अभ्यासक्रम मंजूर व्हायला हवा. शिकून झाल्यावर त्या कामाला मागणी आहे हे दाखवावं लागतं."

"किती दिवस?"

"बेकारी भत्ता आणि हा भत्ता धरून १०४ आठवडे. सुट्टी ३० दिवसांच्या वर गेली तर त्या काळाचा चेक येणार नाही, हे लक्षात ठेवा."

तुम्ही कागदाच्या कोपऱ्यावर आकडेमोड करता. आठवड्याला ६०० डॉलर यायचे, आता ३०० च्या आसपास येणार. कंपनीचा आरोग्य विमा चालू ठेवायचा तर हप्ता आता स्वतः भरायचा. २००२ च्या कायद्यामुळे त्यातला ६५ टक्के भार सरकार कराच्या सवलतीतून उचलतं, उरलेले ३५ टक्के तुमचे. अर्ध्या पगारात हे ३५ टक्केही जड आहेत. दुसऱ्या शहरात काम मिळालं तर सामान हलवायचा ९० टक्के खर्च आणि वर १,२५० डॉलरपर्यंत हातात. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवता आणि उचलता. घर विकायचं तर गिऱ्हाईक कुठून आणणार, १,६०० जणांची कामं एकदम गेलेल्या गावात?

जानेवारी २००५. कार्ल सँडबर्ग कॉलेज. कवी कार्ल सँडबर्ग गेल्सबर्गमध्ये जन्मला, एका स्थलांतरित रेल्वे कामगाराच्या घरात, म्हणून कॉलेजला त्याचं नाव. तुम्ही रुग्णालयातल्या नोंदी आणि बिलांचा अभ्यासक्रम घेतला आहे. वर्गात ओळखीचे चेहरे आहेत; फेस भरणारा एक जण तिसऱ्या बाकावर बसला आहे, प्रेसवर काम करणारी एक जण खिडकीशी. त्यांच्यामध्ये १८-१९ वर्षांची पोरं. शिकवणारी तुमच्यापेक्षा १५ वर्षांनी लहान. ती फळ्यावर एक समीकरण लिहिते आणि विचारते, क्ष ची किंमत किती. तुम्ही शेवटचं गणित सोडवलं त्याला २६ वर्षं झाली आहेत. खोलीत शांतता पसरते. लाइनवर प्रत्येक दार अचूक बसवणारी ही माणसं वहीत डोकं घालून बसतात.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलगी तुम्हाला गणित शिकवते. दुकानातून आठला आली आहे, पाय दुखत आहेत, तरी बसते. बरोबरच्या चिन्हाच्या पलीकडे नेताना उणे का होतं हे तिसऱ्यांदा सांगते. तिसऱ्यांदा तुम्हाला कळतं. मग टायपिंग. मिनिटाला ठरावीक शब्द आले पाहिजेत, आणि उजवा अंगठा मधेच बधिर होतो. अंतराची कळ तुम्ही डाव्या अंगठ्याने दाबायला शिकता. शरीराच्या भागांची लॅटिन नावं, रोगांचे सांकेतिक क्रमांक, विमा कंपन्यांचे नमुने. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो, शाळेत यायचा तसाच.

मे महिन्यात उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि ती ३० दिवसांपेक्षा कितीतरी लांब आहे. वर्ग नाही तर चेक नाही. म्हणून नको असलेला एक उन्हाळी विषय घेऊन तुम्ही पूर्ण वेळ विद्यार्थी राहता. त्यामुळे एक फायदा होतो: ऑगस्ट २००६ मध्ये अभ्यासक्रम संपतो, शेवटचा चेक यायच्या काही आठवडे आधी. प्रमाणपत्र हातात घेताना तुम्हाला खरा आनंद होतो. तो खोटा नाही आणि छोटाही नाही. ४८ व्या वर्षी तुम्ही काहीतरी नवं शिकलात, आणि त्यासाठी लागलेली फी तुमच्या देशाने भरली. या योजनेवर टीका करणाऱ्यांनी हा दिवस बघितला पाहिजे.

मग नोकरी. गावातल्या कॉटेज हॉस्पिटलमध्ये बिलांच्या विभागात जागा आहे. तासाला दहा डॉलर. पंधराचे दहा. वर्षाला धरले तर १०,४०० डॉलरची तूट. प्रशिक्षणाची फी भरणारा कायदा या तुटीबद्दल तुम्हाला काहीच देत नाही. ज्यांना देतो त्यांच्यासाठी त्याच्याकडे पगारविमा नावाची सोय आहे: कमी पगाराची नोकरी पटकन धरली तर जुन्या आणि नव्या पगारातला निम्मा फरक सरकार देतं, दोन वर्षांत जास्तीत जास्त १०,००० डॉलर. पण तो पन्नाशी पार केलेल्यांना, आणि काम सुटलं तेव्हा तुम्ही ४६ चे होतात. चार वर्षं कमी पडली.

या योजनेने माणसं सावरली का, यावर अर्थतज्ज्ञांनी पुष्कळ कागद खर्ची घातला आहे. सरकारने मॅथमॅटिका संस्थेकडून करवून घेतलेला अभ्यास २०१२ मध्ये आला. चार वर्षांनंतरही योजनेतले कामगार तशाच इतर बेकारांच्या पुढे गेले नव्हते, उलट कमाईत मागेच होते. पुढे बेंजामिन हायमन यांनी वेगळी युक्ती वापरली. एकसारखे दोन अर्ज वेगवेगळ्या तपासनिसांकडे जातात. एक सैल, एक कडक. केवळ त्या नशिबाने ज्यांना मंजुरी मिळाली त्यांची आणि ज्यांना नाकारलं गेलं त्यांची त्यांनी तुलना केली. दहा वर्षांत मिळून मंजुरीवाल्यांची कमाई सुमारे ५०,००० डॉलरने जास्त भरली. मात्र दहाव्या वर्षापर्यंत दर वर्षीचा फरक मिटत गेला होता. म्हणजे मदतीने माणूस बुडाला नाही, पण जुन्या काठालाही लागला नाही. गेल्सबर्गमध्ये बघितलेल्या गोष्टीशी मला हे जुळतं.

पगारविम्याचा निकाल मात्र स्वच्छ आहे. हायमन, ब्रायन कोव्हॅक आणि ॲडम लीव्ह यांनी पन्नाशीच्या रेषेच्या अलीकडचे आणि पलीकडचे कामगार तपासले. ज्यांना पगारविमा मिळू शकत होता ते लवकर कामावर लागले, पुढे त्यांची कमाईही जास्त झाली, आणि बेकारी भत्ता वाचल्यामुळे आणि कर वाढल्यामुळे सरकारचा खर्च भरून निघाला. म्हणजे जी सोय तुम्हाला वयामुळे हुकली, तीच सगळ्यात उपयोगी होती.

आणि अर्जापर्यंत पोचलेच नाहीत त्यांचं काय? चीनहून आलेल्या आयातीचा फटका बसलेल्या भागांचा अभ्यास डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी केला. तिथे या योजनेतून आलेले पैसे नगण्य होते. त्याहून कितीतरी पटीने वाढला तो अपंगत्व भत्ता. पाठ गेली, गुडघे गेले, मन खचलं. माणसं बाजारातून कायमची बाहेर पडली. तुमच्या शेजारी हातमोजे काढून परत घालणारा तो माणूस त्यांच्यातलाच एक.

आता शेवटची उडी. २०२२. तुम्ही ६४ वर्षांचे आहात. गावाची वस्ती तीस हजारांवर आली आहे. जानेवारीत कॉटेज हॉस्पिटल बंद पडतं. पुन्हा एक टाळं, पण हे काम मेक्सिकोला गेलेलं नाही, म्हणून या वेळी टीएएच्या कार्यालयात तुमच्यासाठी काही नाही. आणि उन्हाळ्यात ते दारच लागतं. योजनेला मुदतीची कलमं जोडलेली होती. दर काही वर्षांनी अमेरिकी काँग्रेस ती मुदत वाढवायची. या वेळी वाढवली नाही. २०२१ च्या जुलैत आधी जुने कडक नियम परत आले, सेवा क्षेत्रातले कामगार पुन्हा बाहेर गेले. १ जुलै २०२२ पासून कामगार खातं नवा अर्ज घेऊ शकत नाही आणि पडून असलेल्या अर्जांवर निर्णयही देऊ शकत नाही. आधी मंजुरी मिळालेल्यांना त्यांचे लाभ चालू राहिले. नव्यांनी सह्या करायच्या कशावर?

१९६२ चा तो कायदा मात्र मेला नाही. त्यातलं कलम २३२ राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने आयातीवर कर लावायचा अधिकार अध्यक्षांना देतं. त्याच कलमाखाली २०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के कर बसला, २०२५ मध्ये तो ५० टक्के झाला, भारतातून जाणाऱ्या पोलादासकट. कर उतरवायला आणलेल्या कायद्याने आज कर चढवले जातात, आणि त्याच कायद्यात कामगाराला दिलेला शब्द मागे पडला आहे. व्यापार खुला करा नाही तर बंद करा, दोन्ही वेळा कुठल्या तरी गावात कुणाचं तरी काम जातं. त्याच्यासाठी नवा अर्ज घेणारी अशी योजना आज तिथे नाही.

माझं मत सरळ आहे. ही योजना परत सुरू झाली पाहिजे, पगारविम्याची पन्नाशीची अट काढून, आणि मुदतीचं कलम न जोडता. भारतही करार करतो आहे: २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिराती आणि ऑस्ट्रेलियाशी, जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी. अशा कराराची बातमी वाचाल तेव्हा काय स्वस्त होणार एवढ्यावर थांबू नका. ज्यांचं काम जाईल त्यांच्यासाठी कोणती तरतूद केली आहे, हे तुमच्या खासदाराला विचारा, आणि करार लागू व्हायच्या आधी विचारा.